उडी मारणारा रस्ता

“तेजे, रस्ता उडी मारतोय,” हणमंतकाका म्हणाले.

मी अजून उंबऱ्यात चप्पल काढत होते. सोप्यातल्या टेबलावर भला मोठा चकचकीत स्क्रीन, टेबलाच्या कडेला आवळलेलं प्लास्टिकचं स्टिअरिंग, खाली पेडल, आणि समोर कुठल्याशा परदेशी डोंगरात थांबलेला निळा ट्रक. खुर्चीत काका. पांढऱ्या मिशा, अंगात शाळेच्या बसचा खाकी शर्ट, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

“रस्ता उडी मारायला तो काय बेडूक आहे?”

“चेष्टा करू नको गं. मी हितं असतोय, आन् एकदम तिथं. मधलं गायब.”

“त्याला आमच्यात स्टटर म्हणतात, चित्र अडखळणं. सरका, बघू द्या.”

गारगोटीत मी कॉम्प्युटरचं दुकान घातलं त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. गेमिंगचे कॉम्प्युटर जोडून देणारी पोरगी म्हणून तालुकाभर माझी मस्करी व्हायची, पण मशीन बिघडलं की मस्करी करणारेच दाराशी. काकांचं मात्र वेगळं होतं. आमच्या शाळेची पिवळी बस ते चालवायचे. मी पहिलीपासून दहावीपर्यंत त्याच बसनं गेले. कुणी खिडकीबाहेर हात काढला तर ते ओरडायचे नाहीत, आरशातून नुसते बघायचे, की हात आत. ब्रेक असा दाबायचे की उभं पोरगंसुद्धा हलायचं नाही. त्यांच्या बसमध्ये पोरगं बसलं की आईबाप निवांत, अख्ख्या तालुक्यात हा एवढा एकच विश्वास कुणी तपासून बघत नव्हतं.

अशा माणसाला उतारवयात गेमचा नाद लागावा याचं मला हसू येत होतं. ज्यांनी व्हॉट्सॲपवर कधी कुणाला सुप्रभात पाठवलं नाही, त्यांनी पुण्यातल्या आपल्या पोराला, रणजितला, फोन करून त्याचा जुना कॉम्प्युटर मागून घेतला होता. वर सांगितलं होतं, ट्रक चालवायचा गेम पाहिजे, घाटाचा.

“शनिवारच्या आत झालं पायजे बघ,” काका म्हणाले. “शनिवारी शाळेची सहल हाय. कोकणात. वाघजाईच्या घाटातनं.”

“सहलीचा आणि याचा काय संबंध?”

“हाय संबंध. घाटाची जरा भीती बसलीया मनात. हितं हात बसला की जाईल. पर हेच असलं उड्या मारायला लागलं तर मी कसा जाऊ? आन् औंदा सहलीला न्हाई म्हटलं की पुढल्या वर्षी बस दुसऱ्याच्या हातात. मग मी काय करू घरात बसून? शेंगा सोलू?”

“तुम्हाला आणि भीती? सांगू नका कुणाला, लोक हसतील.”

ते हसले नाहीत. मीही मग कामाला लागले.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी दोष मशीनचाच होता, आणि चांगला घसघशीत होता. रणजितचा स्क्रीन महागातला, नव्या पद्धतीचा. जुना स्क्रीन म्हणजे पंगतीतला घाईचा वाढपी, भात शिजला असो नसो, ठरल्या ठेक्यात पानापुढून जाणार. भात तयार नसेल तर डाव रिकामाच फिरवणार. डोळ्याला तो हिसका बसतो. नवा स्क्रीन थांबतो. कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डानं चित्र तयार केलं की मगच दाखवतो, त्यामुळं चित्रांचा वेग कमीजास्त झाला तरी चाल गुळगुळीत राहते. पण या थांबण्यालाही मर्यादा असते. चित्रं फारच हळू यायला लागली, की त्या मर्यादेच्या काठावर स्क्रीनचं आत-बाहेर सुरू होतं, आणि मग झटके बसतात, उजेड लुकलुकतो. काकांच्या गेमची चित्रं नेमकी त्या काठाइतकी हळू येत होती. त्यात रणजितनं ती थांबायची सोयच बंद ठेवली होती, आणि केबल कुठली तर जुन्या टीव्हीची.

मी केबल बदलली, सोय चालू केली, सावल्या आणि झाडांची पानं कमी केली, वेगाला वरून लगाम घातला. ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा पळायला लागला.

“चालवा आता.”

काकांनी चालवला. वळण, पूल, बोगदा, परत वळण. काकांच्या हातात ते प्लास्टिकचं चाकसुद्धा खरं वाटायला लागलं.

“झालं की गं!” ते म्हणाले. “म्हंजे मशीनच हुतं.”

“मग काय भूत होतं?”

ते एकदम इतके खूश झाले की मलाच नवल वाटलं. मान खाली घालून त्यांनी डोळे पुसले. मी म्हटलं, गेमपायी रडणारा म्हातारा पहिल्यांदाच बघतेय. तेवढ्यात इंदूकाकू चहा घेऊन आल्या.

“बरं झालं का ते डबडं? का आणखी बिघडवलंस?” काकू मला म्हणाल्या. “त्या डबड्यानं माझा नवरा नेला बघ. जेवताना घास हातात धरून बसत्यात. हाक मारली तर ओ न्हाई. डोळं उघडं, आन् ध्यान कुटं तर त्या ट्रकात.”

“गप की जरा,” काका म्हणाले. “पोरगी आलीया, तिला चिवडा दे.”

“चिवडा देते, पर खोटं बोलते का मी? परवा आमटीची वाटी हातात तशीच. मी म्हणतेय, अवो सांडतंय. तर तोंड हलवत्यात नुसतं, चव घेतल्यावानी.”

“काकू, आमटीच तशी असेल,” मी म्हटलं. काकूंनी माझ्या डोक्यात टपली मारली, आणि आम्ही चिवडा खाल्ला. त्या दुपारी त्या घरात छान वाटत होतं.

बुधवारी काकांचा फोन आला. आवाज दबका.

“तेजे, परत मारली.”

“काय?”

“उडी. येऊन जा बाळ. आत्ता ये.”

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्या गाडीच्या मागं माझाच एक स्क्रीन बांधून नेला. म्हटलं, त्यांचाच पडदा खराब असेल तर आज निकालच लावते. घरी पोचले तर काका दारात उभे. पिवळी बस अंगणाबाहेर चिंचेखाली लावलेली. काकांचा चेहरा उतरलेला.

मी एकेक करून सगळं तपासलं. पाठीमागं गुपचूप चालणारे प्रोग्रॅम बंद केले. कार्डाचं तापमान बघितलं. माझा स्क्रीन लावला, चालवलं, काढला, त्यांचा परत लावला. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात आलेख लावला. प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते तो रेघेनं दाखवतो. अडखळलं की रेघ उंच उडते. डोळा फसेल, रेघ फसत नाही.

“चालवा. मी रेघेवर नजर ठेवते. उडी मारली की सांगा.”

काका चालवत होते. मी त्यांच्या खांद्यामागं उभी, डोळे आलेखावर. ट्रक डोंगर चढला, बोगद्यात शिरला, लांबलचक अंधारा बोगदा होता तो, पिवळे दिवे एकामागून एक मागं जात होते. मग उजेड, दरी, कठडा.

“आत्ता!” काका ओरडले. “बघितलंस?”

“काय?”

“आत्ता मारली की! बोगद्यात शिरलो, आन् एकदम भायेर. मधला बोगदा कुटं गेला?”

मी रेघेकडं बघितलं. पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. आणि मी तर अख्खा बोगदा बघितला होता, एकेक दिवा.

“काका, काहीच झालं नाही.”

“म्हंजे मी खोटं बोलतोय?”

“तसं नाही हो.”

“मग बोगदा गेला कुटं?” त्यांचा आवाज चिरकला. “तुला येत नसंल तर तसं सांग. मी कोल्लापूरला दाखवतो.”

मला राग आला. लहानपणापासून ओळखत असलो म्हणून काय झालं, माझ्या कामाला नाव ठेवलेलं मला चालत नाही. मी म्हटलं, थांबा, तुमच्या डोळ्यादेखत सिद्ध करते. अशा वेळी आमच्या धंद्यात एक शेवटचा उपाय असतो. कॉम्प्युटरच्या आत केलेलं रेकॉर्डिंग उपयोगाचं नसतं, कारण कार्डानं काय पाठवलं तेवढंच त्यात येतं, पडद्यावर खरंच काय उमटलं ते येत नाही. म्हणून फोन स्टँडला लावायचा, बाहेरून पडद्याचं शूटिंग घ्यायचं, आणि मग हळू करून बघायचं. मी माझा फोन त्यांच्या उजव्या खांद्यामागं लावला. फ्रेममध्ये पडदा, स्टिअरिंग आणि त्यांचे हात बसतील असा.

“चालवत राहा. मी काकूंशी बोलते तोवर. उडी मारली की हाक मारा.”

आत काकू भाकऱ्या थापत होत्या. मी आपली चुलीशी बसून गावातल्या गोष्टी ऐकल्या. बऱ्याच वेळानं बाहेरून हाक आली.

“मारली गं. परत बोगद्यातच.”

मी फोन काढून घेतला, खुर्ची ओढली आणि व्हिडिओ मागं नेला. काका माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून. आम्ही दोघं बारक्या पडद्यात वाकलो.

ट्रक बोगद्यात शिरला. पडदा काळा झाला. आणि काळ्या पडद्यात, आरशात दिसावं तसं काकांचं तोंड उमटलं.

दिवे मागं जात होते. एकही चुकत नव्हता. त्या दिव्यांच्या वर काकांचं तोंड, आणि त्या तोंडात काका नव्हते. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगावं मला अजूनही कळत नाही. डोळे उघडे, पण कशावर टेकलेले नाहीत. ओठ बारीक बारीक हलत होते, चव घेतल्यासारखे. डावा हात चाकावरून उठला, छातीशी आला आणि शर्टाच्या बटणाशी चाळा करायला लागला. बटण काढायचंही नव्हतं, लावायचंही नव्हतं. नुसता चाळा.

बाहेर ऊन होतं, आत काकू भाकरी थापत होत्या, तो थाप थाप आवाज येत होता, आणि मी जन्मात घाबरले नाही तेवढी घाबरले होते.

ट्रक बोगद्याबाहेर आला, उजेड पडला, तोंड पडद्यातून पुसलं गेलं. फोनमधल्या काकांनी मान झटकली आणि ओरडले, “मारली गं!”

याचं नाव मला पुढं कळलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हीसुद्धा एक प्रकारची फिटच. माणूस पडत नाही, फेस येत नाही, फक्त तेवढा वेळ तो नसतो. आणि आपण नव्हतो हेही त्याला कळत नाही. गोळ्या आहेत, गुण येतो. गाडी मात्र चालवायची नाही. पण त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं की रस्ता उडी मारत नव्हता.

“परत लाव,” काका म्हणाले.

मी परत लावला. त्यांनी बघितला. त्यांचं स्वतःचं बोट नकळत बटणाकडं गेलं आणि वाटेतच थांबलं.

“काका, आपण डॉक्टरकडं जाऊ. आजच जाऊ.”

“तुला एक सांगतो,” ते हळूच म्हणाले. “काकूला सांगू नको. दिवाळीच्या आधी शाळेची पोरं घेऊन घाट उतरत हुतो. पोरं भेंड्या खेळत हुती. वाघजाईचं देऊळ समोर दिसलं, मी हात जोडणार, हॉर्न देणार, आपली रीतच हाय ती. पोरं म वर अडकली हुती. म, म, म करून नुसता दंगा. आन् एकदम बघतोय तर पोरं ल चं गाणं म्हणत्यात. देऊळ कुटंच न्हाई. पुलाच्या अलीकडं आलो हुतो.”

“मग?”

“मग काय? ड्रायव्हर लोकांना विचारलं. म्हणाले, चकवा लागला तुला. वाघजाईला नारळ चुकला असंल कधीतरी. मी जाऊन दिला नारळ. ओटी भरली. बसला लिंबू-मिरची बांधली. परत तसंच झालं, त्याच घाटात. तवा मनात आलं, खरंच चकवा असंल तर तो घाटात असंल, घरात कशाला येतोय? म्हणून रणजितकडनं हे मागून घेतलं. घरात बसून घाट चालवायचा. हितं रस्ता सरळ चालला तर दोष घाटाचा. मी मोकळा.”

“आणि इथंही उडी मारली.”

“हितंही मारली. मग तू आलीस, तू म्हणालीस मशीनचा दोष हाय.” ते माझ्याकडं बघत होते. “तेजे, तूच म्हणालीस. नवी केबल लावलीस. तवा झालंच हुतं की नीट. आणखी एक काय तरी लाव. असंल एखादा भाग. नसंल तर नुसतं म्हण, काका मशीनचंच हाय म्हण. एवढा शनिवार जाऊ दे. मग जातो डॉक्टरकडं, आईची शपथ जातो.”

दहा वर्षं ज्या माणसाच्या पाठीकडं बघत मी शाळेत गेले, तो माणूस माझ्यापुढं हात जोडायचा बाकी राहिला होता. त्याला माझ्याकडून हवं होतं ते एकच वाक्य. मी ते म्हटलं असतं तर त्यानं डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

“मशीन चांगलं आहे, काका,” मी म्हटलं. “मी सगळं तपासलंय.”

“रडू नको,” ते म्हणाले. मी रडतेय हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग ते म्हणाले, “आणखी एकदा लाव. हळू करून लाव, तू म्हणत हुतीस तसं.”

मी वेग कमी केला. बोगदा आला. पडदा काळा झाला. तोंड उमटलं. या वेळी काका तोंडाकडं बघत नव्हते. त्यांनी बोट फोनच्या खालच्या कोपऱ्यावर टेकवलं.

“हे बघ.”

डावा हात बटणाशी होता. उजवा चाकावर. बोगदा आत डावीकडं वळत होता, लांब, अवघड वळण. आणि उजवा हात ते वळण घेत होता. सावकाश, अंदाजानं, जेवढं पाहिजे तेवढंच. वर ते रिकामं तोंड चव घेत होतं, आणि खाली हात ट्रक बरोबर मधोमध नेत होता. वळण सरलं तसं त्यानं चाक हलकेच सोडलं, ते तळहाताखालून सरकत सरळ झालं. आम्ही बसमधली पोरं लहानपणी बघायचो, अगदी तस्संच.

“घाटातबी असंच झालं असणार,” काका म्हणाले. “देवळापासनं पुलापर्यंत. लई वाकडी वाट हाय ती. गाडीला ओरखडासुद्धा न्हाई.”

मी व्हिडिओ तिथंच थांबवला.

काकांनी फोन माझ्या हातातून घेतला नाही, स्वतःचा काढला. चष्मा लावून नंबर शोधला. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा. माझ्याच वर्गाला त्यांनी गणित शिकवलेलं. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत, मला शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं.

“बाई, हणमंत बोलतोय. शनिवारला दुसरा ड्रायव्हर बघा.”

“असं कसं चालेल काका? तब्येत बरी नाही का?”

“तब्येतीचं बघतो. पर सहलीला मी न्हाई. बससुद्धा उद्यापासनं मी न्हाई. चावी पोरीसंगं पाठवतो.”

“अहो, पण पालक काय म्हणतील? तुम्ही आहात म्हणून तर ती माणसं लेकरं पाठवतात. तुमच्याशिवाय तो घाट कुणाच्या भरवशावर उतरायचा?” बाई हसून म्हणाल्या. “दिवाळीच्या आधीसुद्धा तुम्हीच नेलंत ना? किती छान आणलंत सगळ्यांना.”

काकांनी माझ्या मांडीवरच्या फोनकडं बघितलं. त्यात चित्र थांबलं होतं, काळ्या पडद्यातलं.

“बाई,” ते म्हणाले, “तवा घाटात गाडी मी चालवत नव्हतो.”

“मग कोण चालवत होतं?” बाईंनी विचारलं.

काकांनी मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. मग त्यांनी फोन कानापासून काढला आणि माझ्या हातात दिला.